ऑटोमॅटिक आय-टेनची गिअर केबल: रत्नागिरीच्या अंगणातल्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गाडी ह्युंदाई आय-टेन, 'कप्पा' नावाचं १.२ पेट्रोल इंजिन, फोर स्पीड ऑटोमॅटिक, २०१२ ची. मालकीण माझी मावशी, घर रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या बाजूला चढावर. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच तिला झेपत नाही, म्हणून ही गाडी. बाजार, बँक, देऊळ, मैत्रिणी सगळं हिच्यावरच चालतं, त्यामुळे गाडी बंद म्हणजे मावशी घरात बंद.

तक्रार अशी, की पी मध्ये (पी पार्किंग, आर रिव्हर्स, एन न्यूट्रल, डी पुढे चालवायचा ड्राइव्ह) चावी फिरवली तर कधीकधी सेल्फच लागत नाही. लिव्हर थोडा हलवला, पुढे दाबून धरला की लागतो. रिव्हर्स टाकला तर मागचे पांढरे लाइट कधी लागतात कधी नाही, आणि डी टाकल्यावर गाडी एकदोन सेकंद विचार करते नि मग दण्णकन गिअर लागतो. उन्हाळ्यात गिअरबॉक्सचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारा रबरी आधार, एका गॅरेजमध्ये बदललं होतं, त्यानंतर महिन्याभरात हे सुरू झालं. मावशी परत तिथेच गेली तर त्यांनी बोनेट उघडून बघायच्या आधीच सांगितलं की गिअरबॉक्सवरचा स्विच गेलाय, आणि स्विचने नाही भागलं तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. आकडा ऐकून मावशीने मला फोन केला, "तू येतोयस ना दसऱ्याला, तर जरा आधीच ये."

आलोय. आज फक्त बघायचं, पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवून बसलो.

आधी हे सांगतो कारण लोक इथेच गोंधळतात. ऑटोमॅटिक गाडीत केबल म्हटलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सिलेक्टर केबल, जी पी-आर-एन-डी चा निरोप पोचवते. दुसरी, जुन्या गाड्यांमध्ये थ्रॉटलपासून (ॲक्सिलरेटरने उघडणारी इंजिनाची हवेची झडप) गिअरबॉक्सकडे जाणारी केबल, जी आतलं प्रेशर आणि गिअर कधी बदलायचा ते ठरवते. आय-टेनच्या गिअरबॉक्सला कॉम्प्युटर आहे त्यामुळे ती दुसरी केबल यात नाहीच. आणि सेलेरिओपासून म्हणजे २०१४ पासून आपल्याकडे ज्या एएमटी गाड्या (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर मशीन सांभाळतं) आल्या त्यांच्यात तर लिव्हर नुसता इलेक्ट्रिक स्विच असतो, केबलने काही ओढलं जात नाही. तेव्हा खाली लिहिलंय ते सगळं सिलेक्टर केबलबद्दल, आणि खऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या) ऑटोमॅटिकबद्दल.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी स्कॅनर लावला. साधा ब्लूटूथवाला आहे माझा, पण गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला पुरतो. पी ०७०७ निघाला. याचा अर्थ कॉम्प्युटरला लिव्हर कुठे आहे याचा सिग्नलच काही वेळ मिळाला नाही. याचा भाऊ पी ०७०८, त्यात एकाच वेळी दोन जागांचे सिग्नल येतात. गॅरेजवाले ०७०७ दिसला की स्विच बदलतात. कोडमध्ये स्विचचं नाव असतं त्यामुळे ते साहजिक वाटतं, पण कोड फक्त एवढंच सांगतो की सिग्नल आला नाही, का आला नाही ते शोधायचं काम आपलं.

हा स्विच म्हणजे इनहिबिटर स्विच. गिअरबॉक्समधून एक शाफ्ट वर येतो, त्या शाफ्टभोवती हा बसलेला असतो. शाफ्ट फिरला की आतला कॉन्टॅक्ट सरकतो आणि पी, आर, एन, डी यापैकी जी जागा असेल तिचा सिग्नल जातो. सेल्फला परवानगी फक्त पी आणि एन मध्ये, रिव्हर्सचे लाइट पण इथूनच. म्हणजे मावशीच्या तिन्ही तक्रारी या एका शाफ्टच्या आसपासच्या आहेत हे नक्की.

मग मी अर्धा तास एकच गोष्ट केली. चारी चाकांना ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, ब्रेकवर पाय, आणि लिव्हर एकेक घर सावकाश खाली आणत डॅशबोर्डवरचं अक्षर बघत बसलो. पी मध्ये अक्षर गायब, लिव्हर पुढे दाबला की येतं. आर मध्ये फडफडतं, पुढे दाबलं की स्थिर. एन दिसतो पण लिव्हर केसभर मागे आला की जातो. डी मध्ये पुन्हा गायब, पुढे ढकलला की येतो. म्हणजे प्रत्येक घरात चूक आहे आणि प्रत्येक घरात ती एकाच दिशेला आहे, प्रत्येक वेळी लिव्हर थोडा पुढे हवाय.

स्विच खराब असता तर असं झालं नसतं. स्विचमधला एखादा कॉन्टॅक्ट झिजला किंवा पाणी जाऊन हिरवा पडला तर एखादं घर मेलं असतं, बाकीची ठणठणीत राहिली असती, आणि लिव्हर पुढेमागे करून फारसा फरक पडला नसता. सगळीच घरं सारखीच आणि एकाच बाजूला सरकली असतील तर लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामधलं अंतर बदललंय, आणि त्या दोघांच्या मध्ये केबलशिवाय काही नाही. माउंटिंग बदलताना बॅटरी आणि तिचा ट्रे काढावा लागतो, खाली केबलचं टोक समोरच येतं, तेव्हा तिथे कुणाचा तरी हात लागला असणार. आज एवढ्यावर थांबलो. मावशीला सांगितलं की उघडून बघेपर्यंत गाडी हलवायची नाही.

"पण भाजी?"

"मी आणतो."

संध्याकाळी परतीचा पाऊस, गडगडाटासकट.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज गाडीला पाना लावायचा नाही, पूजा आहे. झेंडूची माळ, हळदकुंकू, टूलबॉक्स पण शेजारी पाटावर मांडला, १० आणि १२ चे पाने, सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच. मावशीने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं.

दुपारी जेवून झाल्यावर मावशीने विचारलं की एवढी एक केबल दोनतीन मिलिमीटर सरकली तर गिअरबॉक्सला काय होतं. प्रश्न एकदम बरोबर होता, म्हणून तिला कागदावर काढून दाखवलं ते इथे पण लिहितो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आपण लिव्हरने गिअर टाकत नाही. आपण फक्त एक व्हॉल्व्ह सरकवतो, त्याला मॅन्युअल व्हॉल्व्ह म्हणतात. पंपाने दाबलेलं तेल या व्हॉल्व्हपाशी येऊन उभं असतं आणि व्हॉल्व्ह ज्या जागी असेल त्या वाटेने पुढे जातं. डी ची वाट उघडली की तेल पुढे जाणाऱ्या क्लचकडे, आर ची उघडली की रिव्हर्सच्या क्लच आणि ब्रेककडे. क्लच म्हणजे फायबरच्या आणि स्टीलच्या पातळ चकत्या एकाआड एक, त्यांना तेलाच्या दाबाने आवळायचं. आता व्हॉल्व्ह जर आपल्या जागेपासून थोडा अलीकडे किंवा पलीकडे थांबला तर वाट अर्धवट उघडते, तेल कमी जातं, चकत्या पूर्ण आवळल्या जात नाहीत आणि एकमेकींवर घासत राहतात. तेच ते डी टाकल्यावर दोन सेकंद विचार करणं. घासल्या की तापतात, तापल्या की फायबर जळतं, तेल काळं पडतं, जळकट वास येतो, आणि तेव्हा मात्र खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे साधं केबलचं काम वेळेत नाही केलं तर गॅरेजवाल्याचं भाकीत खरं होतं.

सुदैवाने आतमध्ये दातेरी पट्टी आणि स्प्रिंगवरचा रोलर असतो, तो शाफ्टला आपोआप खाचेत ढकलायचा प्रयत्न करतो. थोडीफार चूक तो सांभाळून घेतो. म्हणूनच मावशीची गाडी इतके महिने चालली.

आणि पी. पी मध्ये एक लोखंडी खिट्टी आत दातेरी चाकात अडकते आणि पुढची चाकं थेट बांधली जातात. केबल अपुरी पडली तर खिट्टी दातावर नुसती टेकून राहते, खाचेत उतरत नाही. मावशीचं घर चढावर, गेटच्या खाली रस्ता, रस्त्यावर शाळेची पोरं. मला सेल्फ न लागण्यापेक्षा याची जास्त काळजी आहे.

हे काही दुर्मीळ नाही. अमेरिकेत फोर्डने जून २०२२ मध्ये सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच कारणासाठी, केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असणारा छोटा बुश (टोक घट्ट बसवणारी गोल चकती) झिजून सुटत होता. लिव्हर पी दाखवणार, चावी निघणार, आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच घरात. उष्णता आणि दमट हवा त्या बुशला मारक ठरू शकते असं तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं. उष्णता आणि दमट हवा, म्हणजे आमची रत्नागिरीच.

१३ ऑक्टोबर, रविवार

उघडलं.

कुणी करणार असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. बॅटरीची वायर काढायच्या आधी लिव्हर एन मध्ये आणून ठेवा. लिव्हर पी मध्ये अडकवणारं जे शिफ्ट लॉक असतं ते करंटवर सुटतं, बॅटरी काढली की लिव्हर पी मध्येच अडकून बसतो, मग कव्हर काढून हाताने लॉक सोडवत बसा. आणि एन मध्ये ठेवताय म्हणजे गाडी मोकळी आहे, तर ठोकळे आधी, सपाट जागा आधी. आमच्या अंगणात एक पट्टाच सपाट आहे, तिथे गाडी लावली.

बॅटरी, ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि पाइप काढला की डाव्या बाजूला खाली गिअरबॉक्सचा माथा दिसतो. काळा स्विच, त्याच्या वर लोखंडी पट्टीसारखा मॅन्युअल लिव्हर, आणि त्या पट्टीला १२ च्या नटने आवळलेलं केबलचं टोक. इथे टॉर्च लावून मी बराच वेळ नुसतं बघत होतो, कारण एकदा नट सोडला की पुरावा गेला. दोन गोष्टी दिसल्या. टोकाची पट्टी सगळी गंजून तपकिरी, पण नटाच्या बरोबर मागे जवळपास तीन मिलिमीटरचा तुकडा लख्ख चकचकीत. म्हणजे नट इतकी वर्षं तिथे होता आणि आत्ताआत्ता सरकवून दुसरीकडे आवळलाय. दुसरं, केबलचं बाहेरचं आवरण ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं तिथली क्लिप अर्धीच आत गेलेली. हाताने आवरण धरून ओढलं तर ते पण हलत होतं. आवरण हललं की आतल्या तारेची लांबी बदलल्यासारखंच आहे, मग नट कितीही अचूक लावा. फोटो काढले.

मग नट सोडला, टोक बाजूला केलं आणि मॅन्युअल लिव्हर हाताने फिरवला. हा भाग मला फार आवडतो, कारण इथे गिअरबॉक्स स्वतः सांगतो तो कुठे आहे. लिव्हर एका टोकाला नेला की पी. तिथून उलट्या बाजूला एक कट्, तो आर. दुसरा कट्, एन. बोटाला खाच नीट कळते, रोलर खाचेत पडतो तसा लिव्हर स्वतःहून अर्धा मिलिमीटर ओढला जातो. तिसरा डी, मग टू, मग एल, हे दोन उतारासाठी खालचे गिअर. सगळ्या खाचा स्वच्छ, कुठे अडकत नाही, कुठे पोकळ वाटत नाही. म्हणजे आतली पट्टी आणि रोलर चांगले.

परत एन वर आणला. मॅन्युअल लिव्हरच्या टोकाला एक भोक आहे आणि स्विचच्या कडेला एक, एन मध्ये ही दोन्ही भोकं एकावर एक यायला पाहिजेत. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घातली, बोटाने, जोर न लावता, सरळ खाली गेली. स्विच जिथे हवा तिथेच आहे. तो हलवायची गरज नाही आणि बदलायची तर नाहीच नाही. भोकं जुळली नसती तर स्विचचे दोन बोल्ट सैल करून तो फिरवायचा आणि बोल्ट १० ते १२ न्यूटन मीटरवर आवळायचे, पण जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नसतो.

मावशी खुर्ची टाकून बाजूला बसली होती, तिला बिट वर काढून परत घालून दाखवला. "म्हणजे नवीन स्विच नको?" "नको."

पुढे केबल. गाडीच्या आत कन्सोल काढला, लिव्हरच्या बुडाशी केबलचं आतलं टोक एका खुंटीवर अडकवलेलं असतं. बुश झिजून भोक लंबगोल झालेलं, लिव्हर न हलवता टोक पुढेमागे खडखड हलत होतं. दोन्ही टोकं मोकळी करून तार हाताने आतबाहेर केली तर एका जागी जड जाते, आणि इंजिनाकडच्या बाजूचं रबरी बूट फाटलेलं, आत गंजाचा रंग. बारा पावसाळे आणि खारी हवा. गाडीला दोष द्यायचं कारण नाही, रबर एवढं टिकलं हेच खूप.

नट जुन्या जागी आवळून गाडी आज चालू करता आली असती. मावशीलाही तेच हवं होतं. पण जड तार आणि सैल बुश असलेल्या केबलवर केलेलं ॲडजस्टमेंट टिकत नाही, प्रत्येक वेळी ती वेगळ्या जागी थांबते, आज पी बरोबर येईल आणि आठवड्याने येणार नाही. चढावरच्या घरासाठी हे मला मान्य नाही. नवीन केबल मागवली, बुश तिच्यासोबतच येतो. मोबाइलवर जुन्या केबलचा पार्ट नंबर आणि गाडीचा चासिस नंबर दोन्ही दुकानदाराला पाठवले, कारण मॅन्युअल गाडीच्या केबल वेगळ्या असतात आणि इथे नाव सारखं असल्यामुळे चुकीची यायची शक्यता भरपूर.

२० ऑक्टोबर, रविवार

केबल यायचीये. मधल्या वेळात कोल्हापूरच्या एका मित्राशी बोलणं झालं, त्याच्या ओळखीत एक जुनी टोयोटा ऑटोमॅटिक आहे जिचा गिअर फार उशिरा बदलतो. ती वर म्हटलेली दुसरी केबल, थ्रॉटलवाली. तिचं थोडक्यात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी बसवायचं, इंजिन बंद, आणि थ्रॉटलपाशी केबलवर जो छोटा दाबलेला मणी असतो तो आणि आवरणाचं टोक यांच्यातलं अंतर बघायचं. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना ते ० ते १ मिलिमीटर लागतं. सैल असेल तर गिअर लवकर पडतात आणि आतलं प्रेशर कमी राहतं, आणि हीच खरी घातक बाजू आहे, कारण गाडी मऊ चालते, मालक खूश असतो आणि आत क्लच जळत असतो. जनरल मोटर्सचा ७००-आर-४ हा १९८२ चा गिअरबॉक्स यासाठी बदनाम झाला, ती केबल न लावता किंवा सैल लावून चालवला तर थोड्याच अंतरात जातो. जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि झटक्याने, म्हणजे मित्राने सांगितली ती तक्रार. त्याला सांगितलं आधी मोज, मग फिरव.

२६ ऑक्टोबर, शनिवार

केबल आली, बरोबर आली. जुनी आणि नवी फरशीवर शेजारी शेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकं ताडून पाहिली, मगच सुरुवात.

बसवणं फार अवघड नाही, फक्त वेळ खातं. फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) रबरी ग्रोमेट, म्हणजे केबलच्या भोकातली रबरी कडी, नीट बसवणं सगळ्यात कंटाळवाणं, थोडं साबणाचं पाणी लावलं तर बसतं. ते अर्धवट राहिलं तर पावसात कार्पेट ओलं होणार. केबलचा मार्ग जुन्यासारखाच ठेवला, कुठे तीव्र वळण नाही, गरम भागांपासून लांब. ब्रॅकेटमधली क्लिप यावेळी पूर्ण आत, टक् आवाज येईपर्यंत, आणि नंतर आवरण ओढून पाहिलं, हललं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं ते ॲडजस्टमेंट. आत लिव्हर एन मध्ये. बाहेर मॅन्युअल लिव्हर एन मध्ये, भोकातून ५ चा बिट घातलेला, म्हणजे तो हलूच शकत नाही. दोन्ही टोकं एन, आणि मध्ये केबलचा नट पूर्ण सैल. मग केबलचं टोक हलक्या हाताने ओढून फक्त सैलपणा काढायचा. हलक्या हाताने म्हणजे आतला लिव्हर जागचा हलता कामा नये, त्यासाठी मावशीला आत बसवलं, लिव्हरवर हात ठेवून. "हलला तर सांग." एकदा हलला, ढिलं सोडलं, परत हळू ओढलं. नट हाताने टेकवला, मग एका पान्याने मॅन्युअल लिव्हर धरून ठेवला आणि दुसऱ्याने नट आवळला. हे दोन पाने लागतातच, नाहीतर आवळायचा सगळा पीळ लिव्हर, शाफ्ट आणि स्विचवर जातो आणि आत्ता जुळवलेली जागा शेवटच्या पाव आट्यात बिघडते. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, १० ते १४ न्यूटन मीटर सांगितलेला आहे, मी १२ ला थांबलो.

बिट काढला. बिट काढताना तो सहज निघायला हवा, घट्ट निघाला तर समजायचं केबल अजून ओढतेय. सहज निघाला.

नट आणि पट्टी यांच्यावरून मावशीच्या सुनेच्या लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारली. पुढे कधी नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल, आणि पुन्हा बॅटरी काढणाऱ्या कुणालाही कळेल की इथे हात लावायचा नाही.

बॅटरी लावली. पी मध्ये सेल्फ, पहिल्याच फटक्यात. एन मध्ये लागतो. आर, डी, टू, एल मध्ये लागत नाही, आणि हे न लागणं पण तपासायचं, लोक विसरतात. ब्रेक घट्ट दाबून, समोर आणि मागे कुणी नाही बघून. मावशीचा नातू मागे उभा राहून, बाजूला, ओरडत होता, "लागला! गेला! लागला!" म्हणजे रिव्हर्स लाइट. डॅशबोर्डवर सगळी अक्षरं स्थिर, लिव्हर पुढेमागे दाबला तरी जात नाहीत. कोड पुसला.

शेवटी पुढचा भाग जॅकवर घेऊन दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) लावल्या, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक. पी मध्ये डावं चाक हाताने फिरवलं तर उजवं उलट्या दिशेला फिरतं, दोन्ही मिळून एका दिशेला फिरत नाहीत, म्हणजे खिट्टी पूर्ण खाचेत आहे. एन मध्ये चाकं मोकळी. काम झालं.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी रोड टेस्ट. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याने, गोळपच्या सड्यापर्यंत चढ, वर जाऊन परत. डी टाकल्यावर लगेच लागतो, दण्णकन नाही. चढात दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचा आवाज फुकटचा वर जात नाही, म्हणजे घसरत नाही. उतारावर टू मध्ये आणला तर गाडी नीट रोखून धरली. परत येऊन स्कॅनर लावला, कोड नाही.

तेल गरम असतानाच तपासलं. याची पद्धत इंजिन ऑइलसारखी नाही. इंजिन चालू, सपाट जागा, तेल साधारण ७० ते ८० अंशांवर, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या घरांतून एकदा फिरवून एन वर आणायचा आणि मग डिपस्टिक. पातळी हॉटच्या खुणांमध्ये होती. रंग गडद झालाय पण जळका वास नाही, पांढऱ्या कपड्यावर टिपलं तर काळे कण नाहीत. क्लच वाचलेत. हे बघून मला खरंच हायसं वाटलं, कारण एवढे महिने अर्धवट प्रेशरवर चालवल्यावर काय दिसेल याची धास्ती होती. तेल दिवाळीनंतर बदलायचं, या गिअरबॉक्सला लागणारं एसपी-थ्री च, दुसरं कुठलं स्वस्त मिळतंय म्हणून ओतायचं नाही.

मग घरासमोरच्या चढावर मावशीलाच चालवायला दिलं आणि पार्किंगचा क्रम बदलून घेतला. ती आत्तापर्यंत चढावर थांबली की सरळ पी टाकून ब्रेक सोडायची आणि मग हँडब्रेक. अशाने गाडीचं सगळं वजन त्या एका खिट्टीवर येतं, परत काढताना लिव्हर घट्ट बसतो, जोर लावून ओढावा लागतो आणि तो जोर केबल नि बुश खातात. आता क्रम असा, ब्रेकवर पाय ठेवूनच एन, मग हँडब्रेक पूर्ण ओढायचा, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, परत ब्रेक दाबून पी. निघताना ब्रेक दाबून आधी पी मधून बाहेर, मग हँडब्रेक सोडायचा. दोनदा केल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, लिव्हर किती हलका निघाला." तीसेक वर्षं शाळेत शिकवल्यामुळे असेल, तिने तो क्रम वहीत लिहून वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

फोनवर विचारलं. मावशी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भर गर्दीत मारुती मंदिरपर्यंत जाऊन आली, सेल्फ एकदाही चुकला नाही. गॅरेजवाल्याला फोटो दाखवू का असं तिने विचारलं. दाखव म्हटलं, भांडायला नको, पण तो चकचकीत तुकडा दाखव, पुढच्या वेळी बॅटरी ट्रे काढताना तिथे बघतील.

१ डिसेंबर, रविवार

तेल बदलायला रत्नागिरीत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट, एवढ्या वर्षांत ती येणारच, पण लोखंडाचा तुकडा किंवा फायबरची साल नाही. नवीन एसपी-थ्री भरलं, गरम करून पातळी लावली.

बॅटरी न काढता आरशाने आणि टॉर्चने नट बघता येतो. लाल रेघ सलग आहे. ब्रॅकेटमधलं आवरण हलत नाही. आतल्या टोकाच्या बुशला खडखड नाही. पुढचं बघणं पावसाळ्यानंतर, तेव्हा नवीन रबरी बुटावर पण नजर टाकायची, कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिलाय.